दगड ठेवलेलं सरपण

जीवराम नाना एसटीत ड्रायव्हर होते. धुळे डेपोत त्यांचं नाव निघालं की जुनी माणसं आजही एक गोष्ट हमखास सांगतात. शिंदखेड्याच्या गाडीत एका बाईचं दागिन्यांचं गाठोडं सीटखाली राहिलं होतं. नानांनी ते डेपोत जमा करून सोडून दिलं नाही, दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून स्वतः तिच्या गावी गेले आणि तिच्या हातात ठेवून आले. परतताना तिच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. अशा माणसानं एका म्हातारीचं सरपण चोरलं असं कुणी सांगितलं असतं, तर डेपोतल्या लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

निवृत्त झाल्यावर नानांनी एक जुना छोटा हत्ती टेम्पो घेतला. कुणाचं घरसामान हलव, कुणाची कांद्याची पोती बाजारात टाक, अशी कामं करायची असं ठरवलं होतं. कामं फारशी मिळाली नाहीत. पण घरात त्यांच्या बायकोचा, तानुबाईंचा धंदा चांगला चालला होता. धुळ्यात देवपुरातल्या त्यांच्या घरामागे उघडी जागा होती, तिथं दोन चुली घालून त्या खापरावरचे पुरणाचे मांडे करायच्या. लग्न, बारसं, अक्षय्य तृतीयेची आखाजी, काही असलं की लोक आधी सांगून ठेवायचे. मांडा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि उपड्या खापरावर अलगद सोडायचा. खाली जाळ चहूकडून सारखा लागला तरच तो भाजतो, नाहीतर कडा कच्च्या राहतात आणि मध्ये करपतो. त्यासाठी कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, वाळलेल्या बाभळीच्या काटक्या असं झटकन पेटणारं सरपण लागतं, आणि ते भरपूर लागतं.

सरपण आणायचं काम नानांनी स्वतःकडे घेतलं. दर पंधरवड्याला टेम्पो काढायचे, सोनगीर ओलांडायचे, दोंडाईच्याच्या रस्त्याला लागायचे आणि ओळखीच्या शेतांच्या बांधावरून, नाल्यांच्या काठावरून गोळा करून आणायचे. जुन्या आग्रा रोडवर रतिलालभाईंची लाकडाची वखार होती. नाना रिकामा टेम्पो घेऊन वखारीवरून गेले की रतिलालभाई खुर्चीतूनच हाक मारायचे.

"नाना, डिझेल जाळून काटक्या आणता. त्याच्यापेक्षा माझ्याकडनं न्या. सोनगीरला जाऊन यायच्या खर्चात टेम्पो भरून देतो, आणि वर चहा माझा."

"तुमचं लाकूड चिरलेलं. जाळ धरत नाही," नाना म्हणायचे.

"बारीक फोडून देतो की."

"पाहू पुढच्या वेळी," असं म्हणून नाना गिअर टाकायचे.

हिशेब रतिलालभाईंचाच बरोबर होता हे नानांना कळत होतं. डिझेल, टायरची झीज, एक आख्खा दिवस, अंगात रुतलेले काटे, हे सगळं धरलं तर घरचं सरपण विकतच्या दीडपट पडायचं. पण उभा जन्म स्टेअरिंगवर गेलेल्या माणसाला घरात बसवत नाही. डाव्या अंगाला सोनगीरचा किल्ला मागे पडायचा, रस्ता मोकळा व्हायचा आणि नानांचे खांदे सैल व्हायचे. शिवाय तानुबाई गिऱ्हाइकांना मोठ्या कौतुकानं सांगायच्या, "आमच्याकडं विकतचं सरपण नाही हो. हे स्वतः वेचून आणतात. म्हणून चव येते." ते ऐकायला नाना मुद्दाम ओसरीवर रेंगाळायचे.

त्या वर्षी आखाजीच्या आधी ऑर्डरी चढत्या होत्या. नाना टेम्पो घेऊन गेले, तर ओळखीच्या एकाही शेतात पऱ्हाटी उभी नव्हती. सगळ्या शेतांतून रोटाव्हेटर फिरला होता आणि काड्यांचा भुगा होऊन मातीत गेला होता. बांधावरच्या बाभळी कुणी तोडून नेल्या होत्या. दुपारपर्यंत नाना या शिवारातून त्या शिवारात हिंडले. ऊन मी म्हणत होतं. टेम्पोत कशाबशा दोन पेंढ्या होतील एवढ्या काटक्या पडल्या होत्या. परत जाताना वखार लागणार, आणि रतिलालभाई खुर्चीतून उठून टेम्पोत डोकावणार, हे डोळ्यांसमोर येत होतं.

एका नाल्याच्या काठाला, निंबाखाली, त्यांना सरपणाची रास दिसली. काटक्या लांबीनं सारख्या तोडलेल्या, पेंढ्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येक पेंढी साडीच्या चिंधीनं बांधलेली. आणि सगळ्यांच्या वर एक दगड ठेवलेला.

नाना मूळचे पहूर गावचे. लहानपणी शेणाच्या पोवावर, गवताच्या भाऱ्यावर, वेचलेल्या आंब्यांच्या ढिगावर असा दगड त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता, स्वतः ठेवलाही होता. याला मालक आहे, हात लावू नका, एवढाच त्याचा अर्थ. पाच वर्षांच्या पोरालाही तो कळतो.

नाना टेम्पोत बसून राहिले. आसपास चिटपाखरू नव्हतं. कुणाचं असेल, कदाचित सोडूनही दिलं असेल, ज्याचं असेल त्याच्या शिवारात बाभळी काही कमी नाहीत, असं काहीबाही ते मनाशी जुळवत होते आणि जुळवलेलं पटत नव्हतं. मग ते उतरले. दगड दोन्ही हातांनी उचलला, हळूच बाजूला ठेवला, जणू आवाज झाला तर कुणीतरी जागं होईल. पेंढ्या भराभर टेम्पोत टाकल्या. निघाल्यावर वळण येईपर्यंत त्यांनी आरशाकडे पाहिलं नाही; आरशात तो निंब दिसला असता.

वखारीसमोर रतिलालभाईंनी टेम्पो भरलेला पाहिला आणि हात जोडले. नानांनी हॉर्न वाजवला.

घरी तानुबाई हरखल्या. "किती निगुतीनं बांधलंय. तुम्ही बांधलं?"

"मग कोण?"

"या चिंध्या कुठल्या?"

"तिथंच पडल्या होत्या."

तानुबाईंनी हिरव्यावर पिवळी फुलं असलेल्या त्या चिंध्या सोडून धुतल्या, वाळवल्या आणि खापर पुसायला ठेवून दिल्या. आखाजीचे मांडे त्या वर्षी असे उतरले की लोक पुन्हा पुन्हा मागायला आले. "सरपण घरचं आहे," तानुबाई सांगत होत्या. त्या दिवशी नाना ओसरीवर थांबले नाहीत. आमरसासोबत ताटात मांडा आला, तेव्हा पोट जड आहे म्हणून त्यांनी भातच खाल्ला.

आखाजी झाली आणि लग्नांच्या ऑर्डरी सुरू झाल्या. तानुबाई म्हणाल्या, "या वेळी मी पण येते. चार हात झाले की लवकर उरकेल."

"उन्हाचं कशाला?"

"तुम्ही जाता ते काय चांदण्यात?"

नानांनी टेम्पो साक्रीच्या रस्त्याला वळवायला घेतला, तर त्या म्हणाल्या, "तिकडं कुठं? मागचं सरपण सोनगीरकडचं होतं ना, तसंच पाहिजे." नानांनी टेम्पो सरळ घेतला. नाला मागे टाकून पुढं निघून जायचं असं त्यांनी ठरवलं. पण नाल्याच्या अलीकडेच रस्त्याला लागून दोन-तीन घरं होती, आणि तानुबाईंना तहान लागली होती.

पहिल्या घरात एकटी बाई होती. साठीच्या पलीकडची, हडकुळी, हातांच्या कातडीला काट्यांचे ओरखडे. लताबाई नाव सांगितलं. तिनं दोघांना पडवीत गोणपाटावर बसवलं आणि तांब्या भरून आणला.

"बठा, अक्का. पानी ल्या. तुमीबी सरपनले उनात का?"

"हो. मांड्यांसाठी लागतं," तानुबाई म्हणाल्या.

"मग दखीसन जा. चोर फिरी ऱ्हायनात इकडे." लताबाई उंबऱ्यावर टेकली. "मनं सरपन कोनी तरी ली गयं. हिवाळाभर येचेल व्हतं. दिवसभर लोकेसना वावरमा निंदनी करू, सांजले येता येता दोन काटक्या, चार काटक्या. पावसाया काढाना व्हता तेन्हावर. घरमा गॅसनी टाकी शे, पन ती रिकामी. भराले पैसा कोठेन लयाना?"

"कोण नेईल असं?"

"गावना मानूस नही. वर दगड ठेयेल व्हता मी. गावना मानूस दगड ठेयेलले हात लावस नही. कोनी बाहेरना व्हई. नालाजोडे टेम्पोनी चाकोरी व्हती."

तानुबाईंच्या हातात तांब्या होता. त्या लताबाईकडे पाहत होत्या, आणि लताबाईच्या मागे दाराला पडदा होता. जुन्या साडीचा. हिरव्यावर पिवळी फुलं. एका बाजूनं पट्ट्या फाडून काढलेल्या, त्यामुळे पडदा अर्ध्या दारालाच पुरत होता.

त्यांनी अर्धाच प्यालेला तांब्या खाली ठेवला. मग नानांकडे पाहिलं. रागानं नाही. त्या थांबल्या होत्या, नाना काही बोलतात का याची वाट पाहत. लताबाईही पाहत होती, तिला वाटलं हे काही विचारणार आहेत. पडवीच्या बाहेर टेम्पो उभा होता, तिन्ही माणसांना दिसेल असा.

नाना म्हणाले, "चला, उशीर होतो."

सोनगीर आलं, गेलं. महामार्गावर ट्रक शेजारून जात होते. धुळं जवळ आल्यावर तानुबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मी वाट पाहिली."

"तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही असं वाटलं का तुला?"

"तेच तर. ऐकू आलं, तरी उठलात."

इतकी वर्षं नानांनी चाळीस-पन्नास माणसं मागे बसवून गाडी चालवली, पण शेजारी बसलेल्या एका माणसाचं इतकं ओझं कधी वाटलं नव्हतं. तानुबाई पुढं म्हणाल्या, "आणि मी गिऱ्हाइकाला काय सांगत बसले? स्वतः वेचून आणतात म्हणे." नंतर घर येईपर्यंत त्यांनी पदर तोंडाला लावून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी टेम्पो वखारीत घातला.

"आज काय, विकत?" रतिलालभाई खुर्चीतून उठले.

"भरा. बाभूळ द्या. बारीक फोडून."

"किती?"

"मावेल तेवढं."

रतिलालभाईंनी माणसं लावून टेम्पो भरून दिला. नाना घराकडे न वळता महामार्गाला लागले तेव्हा ते फाटकात उभे राहून पाहत होते. धुळ्यातलं विकतचं लाकूड भरून, डिझेल जाळून, नाना रानाकडे निघाले होते. वखारवाल्याच्या हिशेबात ते कुठंच बसत नव्हतं.

लताबाई दारातच होती. टेम्पो पाहून पुढे आली. नाना खाली उतरले.

"सरपण मी नेलं होतं," ते म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं टेम्पोच्या चाकांकडे पाहिलं, लाकडाकडे पाहिलं.

"दगड दिसना नही का तुमले?"

"दिसला होता."

"मंग?"

गरज होती म्हणावं तर खोटं होतं. वखारवाल्यासमोर रिकामा टेम्पो न्यायची लाज वाटली, हे खरं होतं. पण ते हिच्यापुढं उच्चारायची हिंमत होईना. ते मान खाली घालून उभे राहिले. शेजारच्या घरातून दोन बाया बाहेर येऊन पाहायला लागल्या होत्या.

"आठे टाका," लताबाईनं घराच्या आडोशाची जागा दाखवली. नानांनी एकट्यानं सगळं उतरवलं आणि रचलं. ती मदतीला आली नाही, आणि दुसऱ्या कुणाला तिनं येऊ दिलं नाही. काम होईपर्यंत ती उंबऱ्यावर बसून होती. मग एक लाकूड उचलून तिनं हातात तोललं.

"चिरेल लाकूड शे. जाळ धराले येळ लावई. पन चाली जाई." तिनं लाकूड राशीवर ठेवलं. "एक सांगा. तुमनी बाईले माहीत व्हतं का? काल?"

"नाही. तिला इथंच कळलं. तुमच्या पडवीत."

"तेन्हामुळे तांब्या अर्धा ऱ्हायना," लताबाई म्हणाली. "माले वाटनं, पानी खारं लागनं व्हई."

यापेक्षा तिनं गाव गोळा केलं असतं तर बरं झालं असतं, असं नानांना वाटलं. त्यांनी हात जोडले. ती तोवर आत गेली होती.

त्यानंतर नानांनी सरपणासाठी टेम्पो काढला नाही. तानुबाई वखारीचं लाकूड वापरू लागल्या. जाळ सांभाळायला जास्त लक्ष द्यावं लागायचं, मांडे मात्र पूर्वीसारखेच व्हायचे. एखादं जुनं गिऱ्हाईक सरपणाचं विचारायचं, तेव्हा त्या "विकतचं आहे" एवढंच सांगायच्या. रतिलालभाई वखारीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या नानांना शेवटी हिशेब पटला. शहाणा माणूस आहे, उशिरा का होईना समजतो." नाना समोर असले तरी ते खोडून काढायचे नाहीत. शहाणपणाचं कौतुक ऐकत पैसे द्यायचे आणि निघायचे.

पुढच्या हिवाळ्यात दोंडाईच्याला नात्यातलं लग्न निघालं. नाना म्हणाले, गुडघे दुखतात, तू जाऊन ये. तानुबाई एसटीनं एकट्याच गेल्या. जाताना पिशवीत मांडे घेतले होते, ते लग्नघरासाठी असतील असं नानांना वाटलं. दोन दिवसांनी त्या परतल्या, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "वाटेत लताबाईकडं उतरले होते. बरी आहे. लाकूड पावसाळाभर पुरलं म्हणाली."

नाना खाटेवर उठून बसले.

"माझं काही विचारलं तिनं?"

"नाही," तानुबाई म्हणाल्या आणि उद्याच्या ऑर्डरीची डाळ निवडायला बसल्या.