खानोलकरांचा पंधरावा नियम

दिल्लीतून कुठल्याही दिशेने निघालात तरी समुद्र शेकडो कोस लांब. तरीही दिल्लीतल्याच द्वारका वस्तीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कॅप्टन श्रीरंग खानोलकर रोज दोन जहाजांची टक्कर होता होता टाळतात. जहाजं थर्माकोलची, समुद्र म्हणजे टेबल. मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मुलामुलींना ते समुद्रावरचे वाहतुकीचे नियम शिकवतात. स्वतः सगळी हयात जहाजावर काढली, पण निवृत्तीनंतर मालवणला न जाता बायको विनयाबाईंच्या नोकरीपायी दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मयूर विहारला स्थायिक झाले. ताजे मासे मिळत नाहीत ही तक्रार सोडली तर सुखी माणूस.

सगळ्या नियमांत पंधरावा त्यांचा लाडका. दोन जहाजं एकमेकांची वाट आडवी कापत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं दिसतं त्याने बाजूला व्हायचं. दुसऱ्याने आपली दिशा आणि वेग धरून ठेवायचा. हे त्यांच्या अंगात इतकं भिनलंय, की मंडी हाउसच्या गोल चक्करवर उजवीकडून गाडी दिसली की ते थांबतात. आता दिल्लीत उजवीकडून गाडी येत नाही असा क्षण उगवायचा कधी? मागचे हॉर्न बडवतात, "अंकल, सो गए क्या?" म्हणून ओरडतात. विनयाबाई शेजारी बसून म्हणतात, "अहो, चला. गाडी बंद पडली समजून लोक आता ढकलायला येतील." कॅप्टन हलत नाहीत. दिल्लीकरांना नियम शिकवायचा विडा त्यांनी एकट्याने उचललेला आहे.

हाच नियम त्यांनी घरात लावला आणि पंचाईत झाली.

त्यांची एकुलती एक मुलगी रसिका. गुरुग्राममधली चांगली नोकरी सोडून तिने जहाजाचं ट्रेनिंग घ्यायचं ठरवलं, तेव्हा कॅप्टन गप्प राहिले. हौस फिटली की येईल परत, असा त्यांचा हिशेब. हौस फिटली नाही. उलट तिने तेलवाहू जहाजावरची नेमणूक परस्पर स्वीकारली आणि ही बातमी कॅप्टनना कळली ती त्यांच्या संस्थेतल्या दिलीप सरांकडून, चहा पिताना.

"मला विचारायचं नाही?" घरी येऊन ते कडाडले.

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात, बाबा?" रसिका म्हणाली.

तेव्हापासून बापलेकीत अबोला. सगळी बोलणी विनयाबाईंमार्फत. "तिला म्हणावं, पासपोर्टची झेरॉक्स काढून ठेव." "आई, बाबांना सांग, काढलीये." मधे पोळ्या लाटणाऱ्या विनयाबाईंची अवस्था पोस्टमनसारखी झाली होती.

आणि उद्या तर ती सिंगापूरला निघणार, तिथून जहाजावर. मग सहा महिने तरी भेट नाही. खरं सांगायचं तर कॅप्टन आतून पार घाबरले होते. समुद्र काय चीज आहे हे त्यांनी पाहिलं होतं. पण हे लेकीला सांगणार कोण? इतरांच्या मुलांच्या पाठी थोपटून त्यांना बोटीवर धाडणारा माणूस तो!

"मी वडील आहे," सकाळी ते बायकोला म्हणाले. "मी माझ्या मार्गावर बरोबर आहे. वळायचं तिने."

"बसा मग मार्ग धरून," विनयाबाई म्हणाल्या. "उद्या ती विमानात बसली की भिंतीला मार्ग द्या."

कॅप्टन फणकाऱ्याने वर्गावर गेले आणि पुन्हा पंधरावा नियमच शिकवायला घेतला. रोहतकहून येणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "सर, मान लो समझ में ही न आए कि जहाज आड़ा आ रहा है या बिल्कुल सामने से. तब?"

हे उत्तर कॅप्टन झोपेतही देतील. "डाउट है तो सामने से ही समझो. चौदहवां नियम लगेगा. उसमें किसी का हक नहीं बनता. दोनों को मुड़ना है. और दूसरा मुड़े, इसका इंतजार मत करना."

थर्माकोलचं जहाज हातातच राहिलं. मुलं वाट बघत होती. लेकीशी पडलेली गाठ आपण इतके दिवस आडवी समजून बसलो होतो, ती तर समोरासमोरची, हे त्यांच्या लक्षात आलं आणि कान गरम झाले. "आज इतना ही," म्हणून त्यांनी वर्ग सोडला, दाराला कुलूप घातलं आणि गाडी काढली.

घरी विनयाबाईंनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या. "तुम्ही इथे कसे? रसिका मेट्रोने तुमच्याकडे गेलीये! म्हणाली, बाबांशी बोलून येते."

कॅप्टन सोफ्यावर बसले.

"वा! दोघंही वळलात आणि नेमके एकमेकांना टाळून गेलात," विनयाबाईंना हसू आवरेना. "तुमच्या त्या पुस्तकात लांब राहायचेच नियम आहेत का हो सगळे? भेटायचा एकही नाही?"

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात? इथे तर कुलूप आहे."

"घरी आलो, तुझ्याशी बोलायला."

"अच्छा. मग थांबा, मी येते परत."

"नको. तू तिथेच थांब, मी येतो." ते उठले, पण पाय निघेना. दोन तास गाडी चालवून मग बोलायचं, एवढा धीर त्यांच्यात उरला नव्हता. "रसिका, मला भीती वाटते गं. बाकी राग वगैरे काही नव्हता."

"मला पण वाटतेय, बाबा," ती म्हणाली. "खूप. आईला सांगितलं तर ती जाऊच देणार नाही. म्हणून तुमच्याकडे आले होते."

विनयाबाईंना फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. त्यांनी गाडीची किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली, आणि पायांत चपला सरकवून आधी स्वतःच जिना उतरू लागल्या.