येतानाचे पट्टे

वनखात्यात त्यांना सगळे पट्टेवाले म्हणत, आणि त्यावरून त्यांच्या बायकोची आयुष्यभर चिडचिड झाली. नात्यात कुणी विचारलं, "हे काय करतात?" आणि दुसऱ्याने "पट्टेवाले आहेत" असं ठोकून दिलं, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे साहेबाच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून घंटीची वाट बघणारा माणूस उभा राही. "अहो, दाराशी बसणारे नव्हेत, झाडांना पट्टे मारणारे," असं ती माउली एकतीस वर्षं लोकांना समजावत आली होती. पट्टेवाल्यांना स्वतःला त्याचं काही वाटत नसे. साहेबापेक्षा झाडं बरी, ती घंटी वाजवत नाहीत, असं ते म्हणत.

सरकारी जंगलातून नऊ किलोमीटरची एक पायवाट जात होती. एका टोकाला चौकी, दुसऱ्या टोकाला झऱ्याजवळची मोकळी जागा. हौशी लोक पाठीवर तंबू घेऊन तिथे मुक्कामाला जात. तिथे नळ नाही, दिवा नाही, छप्पर नाही. संडासचा खड्डासुद्धा स्वतःच खणायचा, आणि जाताना बुजवायचा. आपल्या घरी पाण्याचा पेलाही जागेवर न ठेवणारी माणसं तिथे मोठ्या आनंदाने खड्डे खणत. ही माणसं वाट चुकू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर झाडांवर पिवळे पट्टे असत. वीतभर लांब, डोळ्यांच्या उंचीवर. ते पट्टे म्हणजे पट्टेवाल्यांचं आयुष्य.

कामाची त्यांची एक रीत होती. प्रत्येक झाडाला दोन पट्टे लागतात, एक आत जाणाऱ्याला दिसेल असा आणि एक परतणाऱ्याला दिसेल असा. दुसरा कुणी असता तर एका झाडापाशी थांबून त्याने दोन्ही बाजू रंगवल्या असत्या. पट्टेवाले तसं करत नसत. जाताना फक्त जातानाचे, येताना फक्त येतानाचे. "जंगल जाताना एक असतं, येताना दुसरं," ते सांगत. "येणाऱ्याला कुठे शंका येईल ते आपण येत असल्याशिवाय कळत नाही." म्हणून दर वर्षी ते चालत जात आणि चालतच परत येत. एकतीस वर्षांत यात खंड पडला नव्हता.

त्यांना एकच मुलगी. ती पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर रंगाचा डबा घेऊन हिंडायची. तिला त्यांनी एकच नियम शिकवला होता. पट्टा दिसतोय तोवर चालायचं. पट्टा दिसेनासा झाला की आहे तिथे थांबायचं, एक पाऊल पुढे टाकायचं नाही, आणि हाक मारायची. मुलगी पुढे शिकली, नोकरीला लागली, शहरात राहायला गेली, पण वर्षातून एकदा सुट्टी काढून एकटीच झऱ्यावर एक मुक्काम करून यायची. नकाशा वगैरे कधी घेतला नाही. "बाबांचे पट्टे असताना नकाशा कशाला?" असं ती मैत्रिणींना सांगे, आणि ते ऐकून पट्टेवाल्यांची कॉलर नकळत ताठ होई.

यंदा चौकीपासून पाऊण तासावर वाट खचली. डोंगराच्या कडेने जाणाऱ्या वाटेचा पंधरा-वीस हातांचा तुकडा एका पावसात थेट खालच्या ओढ्यात गेला. वर उरला नुसता तुटलेला काठ, आणि त्यावर पुढे झुकलेलं गवत. गवतामुळे पाय टाकेपर्यंत खाली काही नाही हे कळत नसे. खात्याने डोंगराच्या वरच्या धारेवरून वळसा घालून जाणारी नवी वाट काढली आणि काम पट्टेवाल्यांकडे आलं. नव्या वाटेवर पिवळे पट्टे मारायचे आणि जुन्या वाटेवरचे तपकिरी रंगाने पुसून टाकायचे.

मागच्या सोमवारी ते दोन डबे घेऊन निघाले. जुनी वाट जिथे फुटते तिथपासून दरडीपर्यंतचे पट्टे पुसले, फाट्यावर फांद्या आडव्या टाकल्या, मागे येऊन नव्या वाटेला पिवळे मारले आणि दुपारनंतर झऱ्यावर पोहोचले. तोवर उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता. झऱ्यापलीकडच्या कच्च्या रस्त्यावर साहेबांची जीप उभी होती.

"पट्टेवाले, बसा. चौकीवर सोडतो," साहेब म्हणाले.

"नको साहेब. माझं येतानाचं..."

"अहो, निवृत्तीला दोन महिने राहिले तुमच्या. बसा आता!"

गुडघ्याने साहेबांची बाजू घेतली आणि पट्टेवाले बसले. येतानाचं काम उद्या करू, असं त्यांनी मनाशी घोकलं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला गरम पाण्याचा शेक, मग डॉक्टर, मग तीन दिवस सक्तीची विश्रांती. पडल्या पडल्या "पट्ट्यांचं काम झालं," असं ते भेटायला आलेल्या दोघांना सांगून बसले, आणि सांगता सांगता त्यांनाही ते खरंच वाटू लागलं.

शनिवारी सकाळी ते लंगडत चौकीवर हजर झाले, कारण मुलगी यायची होती. तिने पाठीवर बोजा चढवला आणि विचारलं, "बाबा, नवी वाट कुठून कुठे आहे?"

"कुठून कुठे काय? पट्टे बघत जा, पट्टे बघत ये."

हे त्यांचे शब्द. पुढे जन्मभर ते त्यांना ऐकू येणार होते.

रविवारी सकाळी आठला त्यांनी चौकी उघडली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की अंगणातला फलक दिसत नव्हता. मुलगी उजाडताच निघणार होती. म्हणजे दहापर्यंत पोहोचायला हवी. त्यांनी रजिस्टर उघडलं. त्यात दोन रकाने होते, आत आणि बाहेर. मास्तरांच्या नावापुढचा बाहेरचा रकाना कोराच होता. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. दर वर्षी एकटे येत आणि ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी परत. गुरुवारी आत गेले होते, काल दुपारी यायला हवे होते. मुलगी भेटली असेल, गप्पांत राहिले असतील मुक्कामाला, असं काल पट्टेवाले धरून चालले होते. चौकीतून वाटसरूंना ते काठ्या देत, मुठीखाली पिवळा पट्टा आणि नंबर रंगवलेल्या. कोपऱ्यातल्या काठ्यांत आठ नंबरची मुलीने नेली होती. सातही नव्हती. ती मास्तरांची.

काम नाही म्हणून त्यांनी रंगाचे डबे आवरायला घेतले. तपकिरी डबा उचलला आणि तो जड लागला.

झाकण काढून पाहिलं तर अर्धा भरलेला. पिवळाही अर्धा. डबे मोजून घेतलेले असत, एका वाटेला एक डबा, शेवटच्या झाडाला तळ खरवडावा लागे. निम्मा रंग उरला म्हणजे निम्मी झाडं राहिली. येतानाची सगळी. धारेवरच्या नव्या वाटेवर परतणाऱ्याला एकही पट्टा दिसणार नव्हता, आणि जुन्या वाटेवर जुने पिवळेधमक पट्टे त्याला सरळ दरडीवर घेऊन जाणार होते. पलीकडच्या फाट्यावर, जिथे दोन्ही वाटा पुन्हा मिळत, तिथे तर फांदीसुद्धा आडवी नव्हती. तीही येताना टाकायची होती.

पट्टेवाले धावले. सुजलेल्या गुडघ्याने, डबे तिथेच टाकून, दार उघडं टाकून. धारेवरून पलीकडच्या फाट्यावर जायला दीड तास लागला असता. ते जुन्या वाटेनेच सुटले. त्यांनीच टाकलेल्या फांद्या ओलांडताना दोनदा पडले. देवाला ते फारसा त्रास देणाऱ्यांतले नव्हते, पण त्या पाऊण तासात त्यांनी त्याला सोडलं नाही. वाटेतल्या प्रत्येक खोडावर त्यांच्या बाजूने तपकिरी ठिगळ होतं. एका झाडापलीकडे जाऊन त्यांनी मागे वळून पाहिलं. पिवळा पट्टा. स्वच्छ, सुबक, त्यांच्याच हातचा.

दरडीच्या काठावर शेवटचं झाड होतं. समोर पांढरं धुकं आणि खाली ओढ्याचा घोंघाट. त्यांनी जीव खाऊन हाक मारली.

"थांब! पुढे येऊ नकोस!"

ओढ्याने शब्द गिळून टाकले. पलीकडून आवाज आला, हसरा आणि जवळचा.

"बाबा? इतक्या लांब घ्यायला आलात? आले, आले!"

"थांब गं!"

"दिसतोय मला तुमचा पट्टा! आलेच!"

तिला हाक कळत नव्हती, पट्टा कळत होता. धुक्यातूनही जो पिवळा पट्टा तिला दिसत होता तो त्यांच्या शेजारच्या झाडावर होता, दरडीच्या अलीकडे, आणि मध्ये जमीन नव्हती. काठीचा ठक ठक आवाज भराभर जवळ यायला लागला. पट्टेवाले काठ आणि खोड यांच्यामधल्या वीतभर जागेत शिरले आणि झाडाला पाठ लावून उभे राहिले. पट्टा त्यांच्या डोक्यामागे आणि खांद्यामागे गेला. टाचा खोडाला, चवडे अधांतरी. एकतीस वर्षं पट्टा दिसावा म्हणून झिजलेला माणूस तो कुणाला दिसू नये म्हणून अंग पसरून उभा होता.

काठी थांबली.

"बाबा," आवाज आला. आता त्यात हसू नव्हतं. "पट्टा गेला."

पाच वर्षांच्या पोरीला शिकवलेला नियम तिने मोडला नव्हता. ती आहे तिथे थांबली होती आणि तिने हाक मारली होती. पट्टेवाल्यांना रडू कोसळलं.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," ते सावकाश, एकेक शब्द तोडून ओरडले. "तुझ्यापुढे, वाट, नाही. मागे फीर. पट्टे बघू नकोस. पट्टे, खोटे आहेत."

धुकं थोडं हललं, आणि पलीकडच्या काठावर त्यांना ती पुसटशी दिसली. काठापासून चारेक हातांवर. ती वाकून गवतात काहीतरी बघत होती.

"फिरते मी मागे," ती म्हणाली. "पण बाबा, इथे काठावर गवतात काठी अडकलीय. आपल्या चौकीची. सात नंबर."

ती कुणाची ते पट्टेवाल्यांना ठाऊक होतं. त्यांनी खाली पाहिलं. खाली अजून धुकंच होतं. ते झाडाला पाठ लावून तसेच उभे राहिले आणि धुकं विरवत हळूहळू वर येणाऱ्या उन्हाला मनातल्या मनात म्हणाले, थांब.