देठाजवळची मोकळी जागा

मूल नेव्हीत गेलं की घरात पसारा कमी होतो, असं मला वाटलं होतं. कसलं काय! कपड्यांचा पसारा जातो आणि किश्श्यांचा सुरू होतो. कपडे निदान घडी घालून कपाटात कोंबता येतात.

आमचा चार घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चारही घरं साताऱ्या-सांगलीकडची, आणि चौघांची मुलं एकाच बॅचला ओडिशात नेव्हीच्या ट्रेनिंगला. ग्रुप निघाला तो मिरजेच्या स्टेशनवर. गाडी दिसेनाशी झाली तरी आम्ही सगळे फलाटावर तसेच उभे. शेवटी कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, "नंबर तरी द्या एकमेकांचे!" हेतू साधाच होता. कुणाला तिकडचं काही कळलं तर इतरांना कळवायचं. पण मुलांच्या हातात मोबाईल येतो फक्त रविवारी, तोही थोडा वेळ. मग उरलेला आठवडा कळवायचं तरी काय? तर हे असलं!

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कराडला कॉलेजजवळ माझी मेस आहे. दोन्ही वेळेला पोरांची पंगत उठवणाऱ्या बाईला भुताखेतांसाठी वेळ कुठून मिळणार?

*

विट्याच्या रेखाताई म्हणजे अजितची आई. त्यांच्या नवऱ्याचं कोईमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे, त्यामुळे विट्याच्या घरात त्या एकट्याच असतात.

रेखाताईंचा एक नेम आहे. बाहेरून हाक आली की पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. "माणूस आसंल तर तिसरी हाक मारतंय. दुसरं काय आसंल तर दोनातच निघून जातंय," असं त्यांचं म्हणणं. इथपर्यंत ठीक होतं. पण बाईंनी हा नेम मोबाईललाही लावला! अजितचा फोन दोनदा पूर्ण वाजून बंद होऊ द्यायचा आणि तिसऱ्यांदा उचलायचा. बिचारा पोरगा रविवारच्या त्या थोड्या वेळातला निम्मा वेळ नुसता फोन लावत बसायचा.

एका रविवारी सकाळी फोन आला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. अजित भरपूर बोलला. जेवलीस का, बाबांचा फोन येतो का, जिना चढताना गुडघा दुखतो का... मागे पाण्याचा आवाज येत होता. रेखाताई खूश!

संध्याकाळी पुन्हा फोन. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. "आई, आज दिवसभर कामाला लावलं हुतं गं. मोबाईल आत्ताच मिळाला!"

रेखाताईंनी लगेच ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. "त्यानं माज्या गुडघ्याची चौकशी केली वो! तवाच मला कळाया पायजे हुतं, ह्यो आमचा अज्या न्हवं!"

*

यावर शिंदे बापूंचं उत्तर ताबडतोब आलं, "मनाचे खेळ." बापू कोरेगावकडचे, आर्मीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांची मुलगी पूनम ट्रेनिंगला आहे. ग्रुपवर कुणीही काहीही टाकलं की बापूंचं हे दोन शब्दांचं उत्तर ठरलेलं.

मला ते बरं वाटायचं. निदान एक माणूस तरी माझ्या बाजूचा!

*

वाईचे जोशीकाका घाटावर पूजा सांगतात. त्यांच्या घरातून नेव्हीत जाणारा ओंकार पहिलाच. निघताना तो नवे बूट घालून गेला आणि जुन्या चामडी चपला ओट्यावर राहिल्या. जोशीकाकूंनी त्यांची तोंडं घराकडे करून ठेवली. गेलेलं माणूस लवकर परत यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपलांची तोंडं रस्त्याकडे! काकूंनी पुन्हा फिरवल्या. सकाळी पुन्हा रस्त्याकडे. काकूंनी ओवाळून मीठमिरच्या टाकल्या, अंगारा लावला, जेवण सोडलं. शेवटी काकांना पाहवेना. त्यांनी कबूल केलं, "अगं, मीच फिरवतो पहाटे घाटावर जाताना. त्याचं मन तिकडे रमायला नको का?"

काकूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तशाच अबोल्यात दोघं पुण्याला एका मुंजीला गेले. दोन दिवसांनी परत आले, फाटकाचं कुलूप काढलं, ओट्यावर पाहतात तर चपला ना घराकडे ना रस्त्याकडे. ओट्याच्या बरोबर मध्ये, टाचेला टाच जोडलेली, पुढून दोन्ही अंगठे फाकलेले. सावधानमध्ये! वर तेल लावून लख्ख पुसलेल्या.

काकूंनी काकांचा दंड धरला. काका वाकून चपला निरखत म्हणाले, "ओंकारने जन्मात कधी चपला जागेवर काढल्या नव्हत्या. ट्रेनिंग उत्तम आहे हो!"

*

आता माझ्याच मेसमधली गोष्ट. मी ती ग्रुपवर टाकली नव्हती, कारण ती गोष्ट आहे असं मी मानलंच नाही.

एका दुपारी कॉलेजचा एक नवा मुलगा पैसे द्यायला आला आणि म्हणाला, "काकी, तो कोपऱ्यात बसतो तो कुठल्या वर्षाला आहे? एकदम बारीक केस कापलेत. कुणी मागे लागल्यासारखं भराभर जेवला आणि स्वतःचं ताट स्वतः धुऊन पालथं घालून गेला!"

मी पोळ्या लाटता लाटता हसले. मेसमध्ये स्वतःचं ताट धुणारा मुलगा? एवढी वर्षं झाली, मी अजून एक पाहिलेला नाही. आणि नेव्हीत गेलेला माझा मुलगा संकेत तर नाहीच नाही, त्याला पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागायचा.

रविवारी संकेतचा फोन आला. म्हणाला, "आई, इथं आपलं ताट आपणच धुवायचं असतं गं. ते पण पळत!"

मी विषय बदलला. पण मोरीजवळ एक ताट पालथं होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं होतं.

*

आणि मग बापूंची पाळी आली!

पूनम घरी होती तेव्हा बापू तिची रोज कवायत घ्यायचे, पत्र्याच्या शेडपुढच्या अंगणात. ती गेल्यावर एका भर दुपारी बापू शेडमध्ये पडले होते, तर डोक्यावरच्या पत्र्यावर पावलं वाजायला लागली. बापूंच्या बायकोने विचारलं, "आवं, वर कोण हाय?" बापू कूस बदलून म्हणाले, "माकडं हायत. झोप तू."

पण पावलं तालात पडत होती. डावं-उजवं, डावं-उजवं. शेडच्या टोकापर्यंत जायची, तिथे वळायची, परत यायची. बापूंनी बराच वेळ सोसलं. शेवटी जुनी सवय उसळली. ते उठून बसले आणि ओरडले, "थम!"

एक, दोन. पावलं थांबली.

बापूंच्या बायकोने देवाचं नाव घेतलं. बापूंनी घसा खाकरून हळूच म्हटलं, "विश्राम."

वर एकच पाऊल वाजलं.

हे त्यांच्या बायकोनेच आम्हाला सांगितलं. बापूंना विचारलं तर म्हणाले, "माकडंच हुती." आणि वर म्हणाले, "पण शिकलेली हुती!"

त्यानंतर ग्रुपवर 'मनाचे खेळ' कधी आलं नाही.

*

राहिली आमच्या संकेतची गोष्ट.

माझे सासरे, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गावाकडच्या विहिरीत पोरांना पोहायला शिकवायचे. त्यांच्याकडे एक मोठा वाळका भोपळा होता. तो पोराच्या पाठीला काथ्याच्या दोरीने बांधायचा, पोराला विहिरीत ढकलायचं आणि काठावरून ओरडायचं, "हात मार रं गड्या, भोपळा हाय तुज्या पाठीला!" पोरगं भोपळ्याशिवाय पोहायला लागलं की तात्या तंबाखूच्या डबीतल्या चुन्यात बोट बुडवायचे आणि भोपळ्यावर एक ठिपका उठवायचे. अर्ध्या गावाचे ठिपके होते त्याच्यावर.

संकेतचा नव्हता. विहिरीच्या काठावर गेला की भिऊन मागे सरायचा. तात्यांनी कधी जबरदस्ती केली नाही. देठाजवळची मोकळी जागा दाखवून म्हणायचे, "ही तुजी. कुणाला देत न्हाई." तात्या गेले तरी ती जागा मोकळीच राहिली. भोपळा आमच्या माळ्यावर खुंटीला टांगलेला.

आणि हा पाण्याला भिणारा पोरगा गेला नेव्हीत! भरतीला पळावं लागतं, ते तो चांगला पळाला. पोहायला तिकडे गेल्यावर शिकवतात. पण उंच फळीवरून खोल पाण्यात उडी मारून पोहत काठ गाठायचा, ही टेस्ट त्याला जमेना. दोनदा नापास झाला. त्या रविवारी फोनवर रडला. "आई, आता शेवटचा चान्स. न्हाई जमलं तर घरी पाठवत्यात."

खरं सांगते, माझं एक मन म्हणालं, पाठवू देत! येऊ दे पोरगं घरी. कराडात काय कमी आहे? पण त्याचा तो आवाज. लहानपणी विहिरीच्या काठावरून मान खाली घालून परत यायचा ना, तोच आवाज. तो तसा परत आला असता तर जन्मभर तसाच राहिला असता.

टेस्टच्या दिवशी दुपारची पंगत उठली आणि मला बसवेना. मी माळ्यावर गेले. भोपळ्यावर जाळी धरली होती. कुणी ऐकत नाही ना, हे पाहून घेतलं. सगळ्या ग्रुपला हसणारी मी, त्या भोपळ्यापुढे हात जोडून म्हणाले, "तात्या, आवं तुमचं एक पोरगं राह्यलंय अजून." आणि खाली येऊन भांडी घासायला घेतली.

रविवारी फोन वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"आई, पास झालो!"

मी फोन कानाशी घट्ट धरला. तोच बोलत होता. "पण एक सांगू का? बाहेर आल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पीठ पे क्या बाँधा था? मी म्हटलं, कुछ नहीं सर. आई, माज्या पोटावर, छातीवर वळ उठल्यात गं. काथ्याच्या दोरीगत. अजून जाईनात."

"आणि?" मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही.

"आणि पाण्यात कोणतरी ओरडत हुतं, हात मार रं म्हणून. इथं तर सगळी हिंदीतच बोलत्यात."

फोन तसाच कानाला धरून मी माळ्यावर गेले. भोपळा खुंटीला होता, तसाच. जाळी तशीच, धूळ तशीच. जुने ठिपके पार पिवळे पडलेले.

देठाजवळचा तेवढा पांढरा होता.

मी बोट लावलं. चुना बोटाला लागला.