तलवारीचा चष्मा

“अजून थोडं क्लिअर हवंय,” सुधीरकाका म्हणाले. एकाच चष्म्यासाठी त्यांची ही तिसरी खेप होती. डाव्या हाताला अंगठ्यापाशी बँडेज होतं.

मी टेक्सासमधल्या प्लेनोत एका चष्म्याच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. म्हणजे डोळे तपासते, नंबर काढते आणि नवा चष्मा लावूनही नीट दिसत नाही म्हणणाऱ्यांचं ऐकून घेते. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त. सुधीरकाका आयटीतून रिटायर झालेले, जवळच अर्विंगला राहणारे. त्यांना मी प्रोग्रेसिव्ह लेन्स दिल्या होत्या. एकाच काचेत वर लांबचा नंबर, मध्ये कॉम्प्युटरचा, खाली वाचायचा. त्याआधी त्यांच्याकडे फक्त लांबचा चष्मा होता. वाचताना ते तो कपाळावर ढकलायचे.

आमचा मॅनेजर ब्रायन दारातून डोकावला. “थर्ड रीमेक? पुन्हा काचा बनवायला लॅब नाही म्हणेल. नॉन-अ‍ॅडॅप्ट लिही आणि मोकळी हो.”

नॉन-अ‍ॅडॅप्ट म्हणजे ज्याला प्रोग्रेसिव्हची सवय होतच नाही असा माणूस. तसं लिहिलं की दुकान सुटतं. पण काकांचा पेपर, फोन, गाडी, सगळं याच चष्म्यातून झकास चाललं होतं. तो चालत नव्हता एकाच कामाला. तलवारीला.

काका बरीच वर्षं इआइदो शिकताहेत. ही जपानी तलवारीची विद्या, पण तीत कुणाशी लढायचं नसतं. समोर शत्रू आहे असं मानायचं, तलवार उपसायची, वार करायचा आणि तलवार परत म्यान करायची. मराठीत तलवार म्यान केली म्हणजे विषय संपला. इथे तेच सगळ्यात अवघड. शिकणाऱ्यांची तलवार बोथट असते. नवा चष्मा आला त्याच सुमारास काकांना गुरूंनी धारेची तलवार वापरायची परवानगी दिली, आणि थोड्याच दिवसांत ती म्यान करताना त्यांनी हात कापून घेतला. टाके पडले. धारेची तलवार बंद झाली.

“सेन्सेई म्हणाल्या, फिक्स युवर आइज, मगच धारेची तलवार,” काका म्हणाले. सेन्सेई म्हणजे त्यांच्या गुरू. “म्हणून तर तुझ्याकडे खेपा घालतोय.”

मी सगळं पुन्हा तपासलं. नंबर बरोबर. काचा बरोबर उंचीवर बसवलेल्या. मग कोपऱ्यातली छत्री त्यांच्या हातात दिली. “काका, करून दाखवा.”

त्यांनी छत्री उपसली, हवेत वार केला. रुबाबदार दिसले, खोटं कशाला सांगू. मग डावी मूठ कमरेशी धरून ती छत्री म्यानात घालायला गेले, आणि हनुवटी खाली गेली.

“तिथे बघायचं असतं का?”

“छे! अजिबात नाही. नजर समोर.”

“मग तिथलं क्लिअर कशाला हवंय?”

काकांनी छत्री परत कोपऱ्यात ठेवली. “बघायचं नाही गं. पण दिसलं तर बरं ना.”

त्या संध्याकाळी मीनलकाकूंचा फोन आला. काकांच्या पत्नी. “अगं नीता, तू त्याला सरळ सांगून टाक ना, आता तुमचे डोळे तलवारीच्या लायक राहिले नाहीत. माझं ऐकत नाही. डॉक्टरचं ऐकेल.”

“काकू, डोळे उत्तम आहेत त्यांचे.”

“ते मला माहितीय. म्हणून तर तुला फोन केला.” मग आवाज बारीक झाला. “तो कापलेला हात धरून बसला होता आणि मी हॉस्पिटलच्या ईआरला ड्राइव्ह केलंय गं. पुन्हा नाही व्हायचं माझ्याच्यानं. आणि रिटायर झाल्यापासून त्याला आठवडाभर वाट बघण्यासारखं हे एकच आहे, तेही कळतं मला.”

मला त्यांचा राग आला नाही. वाईट मात्र वाटलं. खोटं सांगणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. पण उत्तर सापडलं नसतं तरी शेवट तोच होता. काकांची तलवार सुटली असती, आणि ती माझ्या चष्म्यामुळे सुटली असं ते जन्मभर म्हणाले असते.

म्हणून शनिवारी मी त्यांचा क्लास बघायला गेले. अर्विंगच्या एका स्ट्रिप मॉलमध्ये, डोनटच्या दुकानाला लागून. आत लाकडी जमीन. बूट बाहेर काढायचे. सेन्सेई म्हणजे लिंडा नावाच्या उंच टेक्सन बाई, रिटायर्ड शाळाशिक्षिका. आवाज अजून शाळेतलाच होता.

“तुम्ही त्याच्या आय डॉक्टर?” त्यांनी विचारलं. “काय झालंय त्याच्या डोळ्यांना?”

“तुम्हीच म्हणालात ना, फिक्स युवर आइज?”

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की सगळा क्लास वळला. “फिक्स देम ऑन द अपोनंट! नजर समोर रोव, असं म्हणत होते मी. दुरुस्त करून आण असं कुठे म्हटलं?”

आपण पंखा फिक्स करतो, मीटिंग फिक्स करतो, लग्नसुद्धा फिक्स करतो. काका डोळे फिक्स करायला घेऊन आले होते.

लिंडांनी मला म्यान करणं हळू करून दाखवलं. डाव्या हातात म्यानाचं तोंड. पात्याची बोथट पाठ अंगठ्याच्या बेचकीवरून सरकवत न्यायची. टोक आपोआप तोंडाशी येतं आणि आत उतरतं. सगळं स्पर्शानं. खाली बघितलं की मान झुकते, खांदा पडतो आणि टोक जागा सोडतं.

“ते पूर्वीपासून खाली बघतात?” मी विचारलं.

“सुडीर? कधीच नाही. धारेची तलवार दिली तेव्हापासून. मला वाटलं, घाबरला.”

मला तेव्हा उलगडा झाला. माझा चष्माही त्याच सुमारास आला होता. जुन्या चष्म्यातून कमरेशी धरलेला हात त्यांना धूसरच दिसायचा. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून हात आपलं काम आपण करायचा. मी तो हात स्वच्छ दाखवला. दोनदा रीमेक करून आणखी स्वच्छ दाखवला. दिसतं म्हणून बघितलं जात होतं.

सोमवारी मी ब्रायनला सांगितलं, काकांना क्लासपुरता फक्त लांबच्या नंबरचा चष्मा द्यायचा.

“म्हणजे मुद्दाम कमी दिसणारा?”

“एका कामापुरता.”

“फाइलमध्ये काय लिहू?”

“स्पोर्ट्स.”

काकांनी तो घातला आणि लगेच तक्रार केली. “अगं, कमरेपाशी सगळं धुकं आहे.”

“हो. नीट बनलाय.”

आधी बोथट तलवारीनं सराव झाला. हनुवटी लगेच वर आली नाही. सवय लागायला वेळ लागत नाही, जायला लागतो. थंडी सुरू झाली तेव्हा लिंडांनी धारेची तलवार त्यांच्या हातात परत दिली. मला त्या दिवशी जाता आलं नाही. पुढच्या आठवड्यात मीनलकाकू स्वतःचे डोळे तपासायला आल्या.

“गेला होतात क्लासला?” मी विचारलं.

“गेले होते. अगदी समोर बसले होते. पण तलवार आत घालायची वेळ आली आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले.”

“मग कळलं कसं?”

“तलवार म्यानात बसल्याचा टक्कन बारीकसा आवाज आला. तेव्हा उघडले. हाताला काही नाही. आणि तो माझ्याकडेच बघत होता, एकटक. शत्रू तिथेच धरला असेल, मी बसले होते तिथे. पण असं माझ्याकडे कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं गं त्यानं.”

मी त्यांना टिश्यू दिला. डोळे कोरडे होईपर्यंत नंबर काढता येत नाही.

हल्ली कुणी नीट दिसत नाही म्हणालं, की मशीनकडे वळण्याआधी मी विचारते, तुम्हाला बघायचं काय आहे? पुष्कळ जण विचारात पडतात. तेवढ्यात माझी मशीन पुसून होते.