घड्याळजींच्या तीन रात्री

१४ मार्च, गुरुवार. पाचला जाग आली. धाकटा भाऊ साडेपाचलाच अंघोळ उरकून संगणकापुढे. चहा दोनदा झाला, दोन्ही वेळा त्याचा निवला. भावजय गालातल्या गालात हसते आहे.

ताईंनी वहीत एवढं लिहिलं, तोवर त्यांच्या भावाने टेबलावर तीन घड्याळं मांडली होती, तिन्ही सेकंदाला सेकंद जुळवलेली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून माणसाने स्वस्थ बसावं की नाही? पण घड्याळजींना म्हातारपणी परकीय चलनाचा नाद लागला.

एक चलन उसनं काढायचं, दुसरं घ्यायचं. व्यवहार रात्रभर उघडा राहिला, की दोन्हींच्या व्याजातला फरक त्यांच्या खात्यातून कापला जाई. रोज चिमूटभर, पण आठवड्यातून एकदा, शनिवार-रविवारही धरून, एकदम तीन रात्रींचा. ही कात्री चाले गुरुवारी सकाळी सातला, कारण दूर परदेशातल्या चलनबाजाराचा बुधवार इथल्या सातला संपे.

"भाव जरा चढू दे, मग विकतो," असं म्हणत घड्याळजींनी एक व्यवहार तीन आठवडे कडेवर घेतला होता. शेवटी बायकोने पैज लावली. "अहो, पुन्हा तीन रात्रींचं व्याज गेलं, तर हा खेळ बंद. ही खिडकीची जागा माझ्या शिलाई मशीनची."

"कबूल! वेळेत मला कोण हरवतंय?"

सहा चाळीसला भाव चढला. घड्याळजींनी बटण दाबलं आणि खुर्चीतून उडालेच. "सुटलो! वीस मिनिटं राखून सुटलो!" बायकोला धरून त्यांनी अशी गिरकी घेतली, की ताईंचा चष्मा टेबलाखाली गेला.

"अहो, सोडा! खात्यात काय आलंय ते तरी वाचा."

तीन रात्रींचं व्याज कापलं होतं. वेळ, सकाळी सहा.

घड्याळजींनी एकेक घड्याळ कानाला लावलं. "घड्याळं बरोबर आहेत!"

ताईंनी चष्मा शोधला आणि गेल्या वर्षीची वही काढली. "तुझा बाजार आहे त्याच देशातून गेल्या मार्चात तुझ्या लेकीचा फोन तासभर आधी आला होता. उन्हाळा आला की तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात. गेल्या रविवारी पुन्हा केली असतील."

मग बायको फिसकन हसली.

"अख्ख्या गावाला वेळ लावून दिली," घड्याळजी कपाळावर हात मारत म्हणाले, "आणि मलाच..."

"दिव्याखाली अंधार! वन्सं, तुम्ही साक्षीदार!"

हसता हसता घड्याळजींना उचकी लागली. "खेळ बंद," त्यांनी स्वतःच जाहीर केलं. मग तोंडाने बँड वाजवत, उचक्यांच्या ठेक्यावर, मशीन ढकलत खिडकीपाशी आणलं. बायको पुढे, जणू तिचीच वरात.

संध्याकाळी ताईंनी लिहिलं: मशीनचा पट्टा सैल आहे. सोळा नंबरच्या सुया संपल्या, सहा आणणे.