उलटी जोडलेली वायर

समोरच्या गॅरेजात म्हातारी उभी दिसली आणि उस्तादांच्या हातातला पाना हातातच राहिला. म्हातारी म्हणजे नकाशेबाईंची जुनी कॅम्पर गाडी. आत पलंग, शेगडी, चिमुकलं कपाट. बाई नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, वर्षातले सहा महिने त्या गाडीतच राहत. अठरा वर्षं तिच्या पोटात उस्तादांशिवाय कुणी हात घातला नव्हता. आणि आज ती धाकट्याच्या दारात!

धाकटा म्हणजे सख्खा भाऊ. उस्तादांच्या हाताखालीच शिकला आणि सात वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडे स्वतःचं गॅरेज थाटून बसला. उस्ताद चारचौघांत म्हणत, "भाऊच आहे, त्याचं चांगलं झालं." खरं तर त्यांच्या पोटात दुखत होतं. त्याची चकचकीत फरशी डोळ्यांत खुपे, गाडी वर उचलणारं यंत्र खुपे, आणि गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या गुबगुबीत खुर्च्या तर फारच.

"काल तुम्ही डोळे तपासायला गेला होतात," बायको म्हणाली. "गाडी बंद पडल्यावर बाईंनी काय रस्त्यात बसून राहायचं?"

"एक दिवस थांबता येत नाही?" उस्ताद खेकसले. "अठरा वर्षांत एक दिवस!"

दुपारपर्यंत त्यांनी स्वतःचं काम कमी आणि समोरचं जास्त पाहिलं. धाकटा तीनदा गाडीखाली गेला, तीनदा बाहेर आला. गाडी काही सुरू होईना. उस्तादांच्या मनात उकळ्या फुटू लागल्या. शेवटी धाकटा हात पुसत रस्ता ओलांडून आला.

"दादा, जरा येतोस? पेट्रोलचा पंप गेला होता, नवा बसवला. किल्ली फिरवली की गुणगुणतो, पण इंजिनापर्यंत थेंब पोचत नाही."

उस्तादांनी चहा सावकाश संपवला. मग गेले.

गाडीखाली आडवे होऊन ते खोट शोधू लागले. पंप सरळ बसवलेला, नळ्या नव्या, पकडी घट्ट. नाव ठेवायला जागा नव्हती, त्याचाही राग आला. मग पंपाला येणाऱ्या वायरींवरची कापडी पट्टी दिसली. जुनी, काळवंडलेली, शेवटी दुहेरी गाठ. ती गाठ त्यांचीच होती.

बारा वर्षांपूर्वी इथल्या वायरी जळाल्या होत्या. लाल वायर पुरेना, म्हणून त्यांनी करंट काळीतून आणला आणि लाल जोडली गाडीच्या सांगाड्याला. खूण करायला हवी होती. पण त्यांना वाटलं, खूण कशाला? हिला दुसरं कोण उघडणार? धाकट्यानं सगळे जोडतात तशी रंग बघून, लाल वायर करंटची समजून जोडणी केली, आणि पंप उलटा फिरत बसला.

उस्तादांनी वायरी अदलाबदल केल्या. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"शेवटी तुम्हीच!" बाई गुबगुबीत खुर्चीतून उठल्या. "म्हातारी तुमचाच हात ओळखते."

हे वाक्य त्या गॅरेजात उभं राहून ऐकायला उस्ताद सात वर्षं आसुसले होते. आता फक्त गप्प राहायचं होतं. ते राहिलेही.

धाकट्याचे कान लाल झाले होते. "माझं काय चुकलं, दादा?" त्यानं विचारलं. शिकायला होता तेव्हा विचारायचा, अगदी तसंच.

"तुझं नाही चुकलं," उस्ताद तिरसटपणे म्हणाले. "वायर मीच उलटी जोडली होती. बारा वर्षांपूर्वी."

"मग सांगितलं का नाही कुणाला?" बाईंनी विचारलं.

"दुसरं कोणी उघडेल असं वाटलं नव्हतं."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "मी एकटी फिरते, उस्ताद. आडरानात पंप गेला असता, तर तिथल्या मेकॅनिकला हे कोण सांगणार होतं?"

बाईंनी किल्ली धाकट्याच्या हातात ठेवली. "पुढच्या खेपेपासून तूच बघ हिच्याकडे."

उस्तादांनी धाकट्याच्या फळीवरून लाल पट्टी उचलली आणि ते पुन्हा गाडीखाली शिरले. वर धाकटा काहीतरी म्हणाला, बाई हसल्या. उस्तादांच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी त्यांनी काळ्या वायरीवर लाल पट्टीचे दोन वेढे दिले, मग तिसरा दिला, आणि अंगठ्यानं नीट दाबून बसवला. आता म्हातारीला कोणीही उघडू शकणार होतं.