काकूंच्या उंबऱ्यावर माझ्या अळ्या

मंडळी, आज सकाळी आमच्या लालबागच्या चाळीत भांडण पेटता पेटता राहिलं. ओला कचरा खाऊन खत करणाऱ्या अळ्या मी टबात पाळल्यात. त्या बाहेर पडून शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यावर पोचल्या. काकू कीटकनाशकाचा फवारा घेऊनच उभ्या.

गावाहून आलेले मामा बघत होते. त्यांच्या गावच्या बागेत कुजणारी काजूची बोंडं या अळ्यांना घाला, असं मी त्यांना आठवडाभर सांगतेय. "जल्मभर अळी मारलंय, आता पोसू?" एवढंच त्यांचं उत्तर.

आज मात्र मामाच पुढे झाले. "वयनी, औषध नको," म्हणत उकिडवे बसून अळ्या ओंजळीत वेचू लागले. मग हळूच मला विचारलं, "कोंबड्यो खातत गो ह्येंका?"

"खातात की."

"मगे ह्या आधी सांगूक काय झाला तुका?"

मामांना हवं होतं गावच्या कोंबड्यांसाठी खाद्य, आणि आठवडाभर मी खताचंच पुराण लावलं होतं. समोरच्याला काय हवंय, हे तुम्ही तरी आधी विचारता का?